लाल रुमाल म्हणजे मागे ये

३ मार्च, सोमवार. सकाळी ५.४०
क्लबच्या अकादमीची जाहिरात काल पेपरात आली. तेरा वर्षांखालील मुलं, निवड चाचणीच्या तीन फेऱ्या, जागा अठरा. आमच्या टिल्लूला आत घालायचं मी ठरवलं आहे. टिल्लू अजून झोपला आहे, त्यामुळे त्याला हे माहीत नाही.
आजपासून रोज पाचला उठणार. आज पाच चाळीस झाले, पण पहिला दिवस धरत नाहीत.
रोजनिशीही आजपासूनच. दुकानात गादीच्या कंपनीने पाठवलेल्या डायऱ्या पडून होत्या, त्यातली एक आणली. मोठमोठ्या खेळाडूंच्या बापांनी सुरुवातीपासून नोंदी ठेवल्या असत्या तर पुढच्या बापांची केवढी सोय झाली असती. माझ्यापुरती तरी चूक टाळतो. ही वही कुणाला दाखवायची नाही.

त्याच दिवशी, दुपारी, दुकानात
नाश्त्याच्या वेळी टिल्लूला सांगितलं. तो म्हणाला, बरं. हिने विचारलं, त्याला जायचंय का हे विचारलंत का. मी म्हणालो, बरं म्हणाला ना तो. ही म्हणाली, दाताच्या डॉक्टरकडे नेताना पण तो बरंच म्हणतो.
ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांना सुया टोचायच्या, मग घरी आल्यावर हात लगेच थांबत नाही.

४ मार्च, मंगळवार
उठलो सहाला. योजना पक्की करत बसल्यामुळे झोप उशिरा लागली होती.
योजना: टिल्लू सेंटर फॉरवर्ड. गोल मारतो त्याचंच नाव होतं, बाकीचे दहा जण त्याच्यासाठी धावतात. शाळेच्या टीममध्ये टिल्लूला लेफ्ट बॅक खेळवतात. डावा पाय चांगला आहे म्हणून पोराला कायमचं मागे उभं करायचं, हा कुठला न्याय. पीटीच्या सरांना खेळ कळत नाही.
मला कळतो. कॉलेजच्या टीममध्ये मी दोन वर्षं राखीव होतो. प्रत्यक्ष मैदानात अकरा मिनिटं, पण बाकावर बसून खेळ जेवढा कळतो तेवढा धावताना कळत नाही.
दुसरं म्हणजे 'टिल्लू' हे नाव बंद. ऐकणाऱ्याचं लक्ष सरळ उंचीकडे जातं. आजपासून 'कॅप्टन'.

५ मार्च, बुधवार
कॅप्टन म्हणून तीन हाका मारल्या. ओ नाही. शेवटी ही आतून म्हणाली, टिल्लू, बाबा बोलवतायत. लगेच आला.
नाव बदलायचा विषय तूर्त बाजूला.
थंड पाण्याची अंघोळ सुरू केली. दोघांनीही. शिस्त आधी बापाच्या अंगात दिसली पाहिजे, मग ती मुलाच्या अंगात उतरते. टिल्लू बाथरूममधून बाहेर आला तेव्हा आरशावर वाफ होती. त्याच्या अंगातली उष्णता असणार. ताकद आहे पोरात.

९ मार्च, रविवार
इमारतीच्या पार्किंगमध्ये सराव. दुकानातली डिस्प्लेची एक जुनी गादी मालकांना विचारून आणली आणि भिंतीला टेकवून गोल केला. टिल्लूने दहा फटके मारले. त्यातले दोन गादीला लागले, बाकीचे खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरांच्या खिडकीखाली. मास्तरांनी खिडकी लावून घेतली. उत्तेजन द्यायची प्रत्येकाची पद्धत वेगळी.
मग चेंडू पायाशी ठेवून समोरच्याला कसं चुकवायचं ते मी स्वतः करून दाखवलं. टिल्लूने माझ्याकडून चेंडू काढून घेतला. परत दाखवलं. परत घेतला. असं सहा वेळा. सहाव्या वेळी मी पाय अडकून गादीवर पडलो. त्याला नीट समजावून सांगितलं की फॉरवर्डचं काम चेंडू पुढे नेणं आहे, दुसऱ्याचा हिसकावणं नाही. ती सवय वाईट आहे, मोडावी लागेल.
गुडघा दुखतो आहे. गादी मात्र उत्तम. इतकी वर्षं विकतोय, पण पडून आज पाहिली.

१५ मार्च, शनिवार
शाळेची मॅच बघायला गेलो होतो. टिल्लूला बाहेरून सूचना देत होतो. मध्यंतराच्या आधी पंच स्वतः चालत माझ्याकडे आले आणि म्हणाले, साहेब, माझी शिट्टी ऐकू येत नाहीये. मैदानाच्या तीन बाजूंना भिंती असल्यामुळे आवाज घुमत असावा.
पण मुद्दा बरोबर आहे. मोठ्या क्लबसमोर ओरडणं शोभणार नाही. काहीतरी मूक पद्धत काढली पाहिजे.

१६ मार्च, रविवार
काढली.
तीन रुमाल. निळा दाखवला की गोलवर मार. पांढरा म्हणजे पास दे. लाल म्हणजे मागे ये. लाल फक्त अडीअडचणीला, एरवी त्याची गरज पडणार नाही. निळा उजव्या खिशात, पांढरा डाव्या, लाल शर्टाच्या खिशात. लाल रुमाल माझ्या लग्नाच्या वेळचा आहे, धुऊन धुऊन अगदी लोण्यासारखा झालाय.
टिल्लूने पाच मिनिटांत पाठ केलं. एकच शंका विचारली. म्हणाला, बाबा, तुम्ही काहीच दाखवलं नाही तर मी काय करू. मी म्हणालो, असं होणारच नाही.

२१ मार्च, शुक्रवार
सर्दी. नाक सुजून लाल झालंय. हिचं मत, थंड पाण्याच्या अंघोळीमुळे. मग टिल्लूला का नाही झाली, हा माझा प्रश्न. त्यावर टिल्लू आणि ही एकमेकांकडे बघून हसले. मायलेकांचं काहीतरी वेगळंच चालू असतं.
उद्या पहिली फेरी. पाचचा गजर लावला आहे. सुरक्षितता म्हणून चार पन्नासचाही.

२२ मार्च, शनिवार. दुपारी १
पहिली फेरी झाली. शांतपणे लिहितो.
पावणेचारशे मुलं. टिल्लूच्या पाठीवर २१४ नंबर. दोराच्या अलीकडे सगळे पालक उभे. मला अगदी मधोमध जागा मिळाली, म्हणजे मी मिळवली. टिल्लूच्या टीमच्या कोचनी विचारलं, फॉरवर्ड कोण, तर टिल्लूने माझ्याकडे बघून हात वर केला. सगळं ठरल्याप्रमाणे.
पहिल्या मिनिटाला मला शिंक आली.
सर्दी झालेला माणूस शिंकताना खिशातून हाताला लागेल तो रुमाल काढतो. त्यातही नाक सोललेलं असेल तर मऊ रुमालच काढतो. माझ्या हाती लाल आला. टिल्लू समोरच्या गोलपाशी पोचला होता. त्याने लाल बघितला आणि जो वळला तो थेट आपल्या गोलपाशी आला. आल्या आल्या समोरच्या मुलाच्या पायातला चेंडू काढून घेतला, तेवढं बरं झालं. मी त्याला पुढे जा म्हणून हात केला. तो पुढे गेला. मला परत शिंक आली.
असं वीस मिनिटं चाललं. ही बरोबर होती. तिच्या मते टिल्लू तेवीस वेळा मागे आला. लॅबमध्ये काम करणाऱ्यांना मोजायची खोड असते. मध्ये एकदा खोकला आवरताना चुकून निळा निघाला, तेव्हा टिल्लूने आपल्याच गोलपासून सणसणीत फटका मारला. चेंडू पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या टेबलावर. टेबल प्लास्टिकचं होतं.
घरी येताना त्याला विचारलं, अरे, मी सर्दीने बेजार आहे हे कळत नव्हतं का. तो म्हणाला, रुमाल तर लालच होता. मी म्हणालो, सर्दीचा लाल वेगळा आणि सूचनेचा लाल वेगळा, हे चेहऱ्यावरून ओळखायचं असतं. तो म्हणाला, चेहऱ्यावर रुमाल होता.
संपलं सगळं. रुमालांची पद्धत उत्तम आहे. माणसाची प्रकृतीच आडवी येते त्याला काय करणार.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी ९.३०
टिल्लू दुसऱ्या फेरीत.
क्लबच्या गेटवर यादी लावली आहे. कामावर जाताना सहज बघून येऊ म्हणून गेलो तर २१४ नंबर. पुढे शेरा: 'लेफ्ट बॅक. न कंटाळता मागे येऊन बचाव करतो. चेंडू सफाईने काढतो.'
यादीचा फोटो काढला. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंना माझाही काढायला सांगितला.
लेफ्ट बॅक हा शब्द जरा खटकला. पण आधी आत शिरायला मिळालं पाहिजे, पुढे सरकता येतं. आणि तेवीस वेळा मागे कुणामुळे आला, हेही विसरून चालणार नाही.

४ एप्रिल, शुक्रवार
उद्या दुसरी फेरी. मालकांकडे सुट्टी मागितली. मालक म्हणाले, सकाळची एक डिलिव्हरी करा आणि जा, पोचवणारा माणूस गावाला गेलाय. एक गादी पोचवायला कितीसा वेळ लागतो. टिल्लूला मामा घेऊन जाईल, मी तिथे थेट पोचेन. टिल्लूचा मामा म्हणजे हिचा भाऊ. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो.
सर्दी गेली. लाल रुमाल घरी ठेवणार.

५ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.२०, एका जिन्यात
गिऱ्हाइकाचं घर तिसऱ्या मजल्यावर. गादी सहा फुटी, त्यात स्प्रिंगची, दुमडत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अडकली. हमाल खालच्या बाजूला, मी वरच्या. पुढे जात नाही, मागे येत नाही. मॅच सुरू होऊन वीस मिनिटं झाली. मी पायरीवर बसून हे लिहीत आहे.
रुमाल दाखवता येत नाहीत म्हणून मामाच्या फोनवर टिल्लूसाठी बोलून सूचना पाठवतोय. आतापर्यंत नऊ पाठवल्या. गिऱ्हाइकाच्या आईने वरून पाणी आणून दिलं आणि विचारलं, तुम्ही कुणाला मागे बोलावताय, मागे तर जागाच नाही.

त्याच दिवशी, दुपारी ३
सुटलो साडेअकराला. कठडा काढावा लागला. मैदानावर पोचलो तेव्हा माळी पाणी मारत होता.
मामा म्हणाला, दाजी, पोरगं काय खेळलं म्हणून सांगू. पूर्ण वेळ लेफ्ट बॅक. त्याच्या बाजूने एकाला पुढे जाऊ दिलं नाही. हसत होता खेळताना. मुख्य कोचनी येऊन पाठीवर थाप मारली.
मी म्हणालो, चौदा सूचना पाठवल्या होत्या, फुकट कशा जातील. मामा म्हणाला, फोन व्हॅनमध्येच राहिला होता, दाजी.
तरीही. रक्ताचं नातं असतं, मनातलं पोचतं.
टिल्लू खेळताना हसतो, हे मला माहीत नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार
तिसऱ्या फेरीत. चाळीस मुलं उरली. दुकानात सगळ्यांना सांगितलं. एका गिऱ्हाइकाला गादीबरोबर दोन उशा फुकट देऊन टाकल्या. मालकांनी बघितलं. बघू दे.
संकल्प: तिसऱ्या फेरीला काहीही झालं तरी हजर राहायचं, पोराचं नशीब मामावर सोडायचं नाही. दुकानात तसं लेखी दिलं.

१२ एप्रिल, शनिवार. दुपारी २
तिसरी फेरी.
खेळाच्या आधी एकेका मुलाला क्लबच्या ऑफिसात बोलावून तिथल्या मॅडम एक फॉर्म भरून घेत होत्या. पालकांनी बाहेर थांबायचं. टिल्लू आत नऊ मिनिटं होता, बाकीची पोरं चार-पाच. मी खिडकीतून रक्तगट बरोबर लिहितोय का एवढंच बघत होतो, तर मॅडमनी पडदा ओढला.
बाहेर आल्यावर विचारलं, काय काय होतं फॉर्मात. म्हणाला, उंची, वजन, रक्तगट, आजार, आणि शेवटी तुला काही सांगायचंय का. मी विचारलं, मग काय सांगितलंस. म्हणाला, सांगितलं.
फॉरवर्ड व्हायची इच्छा लिहिली असणार. पोरगं माझ्यावरच गेलंय, बोलत नाही पण मनात धरून ठेवतं.
मग खेळ. मी दोराच्या थोडा आत उभा राहिलो, कारण बाहेरून कोपरा दिसत नव्हता. मुख्य कोच माझ्याकडे आले. त्यांनी आत्तापर्यंत मला चांगलंच ओळखलंय, नावाने नाही पण चेहऱ्याने. म्हणाले, साहेब, एक काम होतं. पार्किंगमध्ये गाड्या वेड्यावाकड्या लागल्यात, कुणी जबाबदार माणूस मिळाला तर बरं होईल.
एवढ्या पालकांतून त्यांनी मला निवडलं. चाळीस मिनिटांत मी सगळ्या स्कूटर एका ओळीत लावून घेतल्या, चारचाकी वेगळ्या केल्या आणि एक बस मागे घ्यायला लावली. खेळ बघायचा राहिला. पण क्लबच्या कामाला हातभार लावणाऱ्या माणसाच्या मुलाला ते डावलतील असं वाटत नाही.
टिल्लू घामाघूम होऊन आला. विचारलं, कसं झालं. म्हणाला, मस्त. एवढ्यात हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

१५ एप्रिल, मंगळवार
यादी नाही.

१६ एप्रिल, बुधवार
यादी नाही. गेटवरचा वॉचमन म्हणाला, निवड झाली की फोन येतो, तुम्ही रोज येऊ नका. मी म्हणालो, वाटेवरच आहे. वाटेवर नाहीये.
टिल्लू आज जेवला नाही. रोज पार्किंगमध्ये एकटाच चेंडू खेळतो. हिने विचारलं तर म्हणाला, भूक नाही. मी त्याला म्हणालो, नाही झालं तर पुढच्या वर्षी. तो म्हणाला, मला याच वर्षी पाहिजे. मला वाटत होतं, पाहिजे ते मला आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११.१५
फोन आला. घेतलं त्याला. अठरात सहावा.
फोन आला तेव्हा एक जोडपं गादी बघत होतं. मी म्हणालो, एक मिनिट, आणि त्याच गादीवर बसलो. मग आडवा झालो. डोळ्यांतून पाणी आलं, खोटं कशाला लिहू. बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मालक पलीकडून म्हणाले, आमची गादीच तशी आहे. त्यांनी घेतली ती गादी.
रविवारी सह्या करायला बोलावलंय.

२० एप्रिल, रविवार. दुपारी १२
मी, ही आणि टिल्लू. टिल्लूला कपडे मापून बघायला आत नेलं, ही त्याच्याबरोबर गेली. मी ऑफिसात.
मॅडम फार नम्रपणे म्हणाल्या, आमच्याकडे एक नियम आहे. मुलाला गेटवर सोडायचं आणि गेटवरूनच न्यायचं. सरावाला किंवा मॅचला पालक मैदानात येत नाहीत. शेजारी मुख्य कोच उभे होते, ते शिट्टीची दोरी सोडवत होते. मी म्हणालो, योग्यच आहे, क्लबचे डावपेच बाहेर जाता कामा नयेत. कोच म्हणाले, बरोबर, अगदी तेच.
खिडकीतून मैदानाच्या पायऱ्या दिसत होत्या. तिथे दहा-बारा पालक बसले होते. एकाकडे छत्री होती, एकीच्या मांडीवर बाळ. मी विचारलं, हे कोण. मॅडम म्हणाल्या, ते जुने पालक आहेत, त्यांना जुना नियम लागू आहे. बाळवाल्या बाई पहिल्या फेरीला माझ्या शेजारी उभ्या होत्या.
मॅडम शिक्का आणायला आतल्या खोलीत गेल्या. कोचही बाहेर गेले. टिल्लूची फाईल माझ्यासमोर उघडी होती. सही कुठे करायची ते बघत होतो. त्याचा फॉर्म वरच होता. रक्तगट बरोबर लिहिलाय. शेवटच्या चौकटीत, 'तुला काही सांगायचं आहे का', त्याच्या बारीक अक्षरात:
'माझे बाबा चांगले आहेत. पण ते असले की मला चेंडू दिसत नाही, बाबाच दिसतात. मला घेतलं तर त्यांना मैदानात येऊ देऊ नका. मी सांगितलं म्हणून सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. क्लबचा नियम आहे असं सांगा.'
दोनदा वाचलं. मग सही केली. मॅडम शिक्का घेऊन आल्या, फाईलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, पेन चांगलं आहे तुमचं.
घरी येताना रिक्षात टिल्लूने विचारलं, काय म्हणाले. मी म्हणालो, पालकांनी आत यायचं नाही, असा क्लबचा नियम आहे. तो म्हणाला, तुम्हाला वाईट वाटलं का. मी म्हणालो, छे रे, शनिवारी दुकानात गर्दी असते, मला तरी कुठे जमणार होतं. ही म्हणाली, नियम चांगला आहे. तिला आधी कुणी सांगितला होता, ते मी विचारलं नाही.
तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. बऱ्याच दिवसांनी.

२६ एप्रिल, शनिवार. सकाळी ९
सराव सहाला. पाचला उठलो, गजराच्या आधी. सहाला पाच कमी असताना टिल्लूला गेटवर सोडलं. आत गेला. मग परत आला, मला हात केला, आणि पळाला.
दुकान दहाला उघडतं. म्हणून समोरच्या फुटपाथवर थांबलो. इथून आतलं काहीच दिसत नाही, भिंत दोन पुरुष उंच आहे. वॉचमनने खुर्ची देऊ का म्हणून विचारलं. नको म्हणालो, मग घेतली.
शिट्टी ऐकू येते. चेंडूचा आवाज येतो. पोरं हसतात. मगाशी कोच मोठ्याने म्हणाले, शाब्बास. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.
टिल्लूलाच असणार.